तिच्यासमोर बोलायचं नाही

मी गाडी आधी विकत घेतली आणि मग गॅरेजच्या मिस्त्रीला दाखवली. जुनी, लाल, अंगाने लहान पण पळायला जबर.

कौतुकाने मिस्त्रीला शेजारी बसवून घनसावंगीच्या रस्त्याला निघालो. या माणसाची एक रीत आहे: गाडीत बसून गाडीला नावं ठेवायची नाहीत. तिला ऐकू जातं म्हणे. चांगली असली तर लगेच "बिलकुल बराबर" म्हणतो. त्या दिवशी तो हँडब्रेकवर हात ठेवून गप्प होता. मला ती दादच वाटली, म्हणून गाडी आणखी पळवली. ब्रेक दोनदा दाबल्यावर लागायचा. पळणाऱ्या गाड्यांचा तो रुबाब असावा, अशी माझी समजूत.

वळणावर समोर उसाची ट्रॉली उभी. मी ब्रेक दाबला, पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, तरी तेच. मिस्त्रीने घाई न करता हँडब्रेक वर ओढला. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं काचेला टेकली होती.

तो उतरला, बराच लांब गेला आणि मला खुणेने बोलावून हळूच म्हणाला, "ब्रेक कवाच गेल्ते तिचे."

"मग आधी सांगायचं ना, मिस्त्री."

"तिला तोंडावर बोलत न्हाई मी. चला आता तिच्याजवळ, भाऊ. न दाखवता गाडी घेणारा किती येडा असतो, ते तिच्यासमोरच सांगतो."