लाट्या खायच्या नाहीत

पंचेचाळिशीत नोकरी सोडली तेव्हा लोकांना वाटलं, मी मोठी हिंमत केली. हिंमत कसली डोंबलाची! मी दमले होते, एवढंच. घर धुळ्याला आणि नोकरी जळगावला, एका विमा कंपनीत. शेवटची तीन वर्षं रोज पहाटेची एसटी, पारोळ्यापर्यंत बहुतेक वेळा उभ्यानं. ऑफिसात साहेबांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. कुणी किती पॉलिसी आणल्या ते त्यावर रोज चढायचं आणि मागे पडणाऱ्याच्या नावाखाली लाल रेघ. त्या रेघेपायी आधी माझी झोप गेली, मग रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "गोळी मी लिहून देतो. नोकरी काही मला बदलून देता येत नाही."

राजीनामा दिला तेव्हा साहेब हसले. "आखाजीपर्यंत जागा भरत नाही. बाहेर काय आहे ते बघून या." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. ते हसणं फार लागलं. खरं सांगायचं तर थोडा धीरही वाटला, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

मी उडदाचे पापड करून विकायचं ठरवलं. दोंडाईच्याच्या एका दुकानदारानं आखाजीच्या आत पन्नास किलो मागितले. एवढे वेळेत गेले असते तर पुढची कामं मिळणार होती. नाही तर आहेच पुन्हा पहाटेची एसटी.

आमच्या गल्लीत पापड कुणी एकटीनं करत नाही. चैत्र लागला की आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि प्रत्येक बाई आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जाते. माझं काम धंद्याचं, म्हणून मजुरी आधीच ठरवली होती. तरी बायका आल्या त्या नेहमीसारख्याच, पोळपाट काखेत मारून, दारापासूनच बोलत. बसायच्या आधी रीतीप्रमाणे त्यांनी तेलाची वाटी मागितली. पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकल्याशिवाय आमच्याकडे पापडाला हात लागत नाही. लहानपणी आम्ही पोरी लाट्यांसाठीच तर पापडांना जायचो.

दोन दिवस बरे गेले. पण संध्याकाळी वजन केलं की पापड कमी भरायचे, आणि माझ्या छातीत जुनी धडधड सुरू व्हायची. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर प्रत्येकीचं नाव आणि पुढे आदल्या दिवशीचे पापड. वर सगळ्यांना सांगितलं, "आजपासून लाट्या खायच्या नाहीत. प्लीज. वजन कमी भरतं."

 नुसती लाटणी वाजत राहिली. थोड्या वेळानं शेजारची अक्का उठली. वय सत्तरीचं, माझ्या बाळंतपणात आईच्या जागी तीच होती. तिनं पोळपाट पदरानं पुसला आणि दारात थांबून कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. तरी बघत राहिली.

"पोरी, तू नोकरी सोडीसन उनी, का नोकरी घर लई उनी?"

नोकरी सोडून आलीस की नोकरीच घरी घेऊन आलीस, एवढं विचारून ती गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या.

आधी मला रागच आला. एवढ्याशा लाटीवरून एवढा रुसवा! मग तो कागद काढायला उठले. सगळ्यात कमी आकडा अक्काचा होता. तिचा एक हात आता दुखतो. आणि तिच्या नावाखाली लाल पेनची रेघ होती. ती मी कधी मारली, मला आठवत नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि मनसोक्त रडले.

दुपारी दुकानदाराला फोन करून सांगितलं, निम्मेच होतील. तो कुरकुरला, बाकीचे दुसरीकडून घेतो म्हणाला. निम्म्यावर धंदा उभा राहतो की नाही, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पापड अक्काकडे होते. मला निरोप नव्हता, पण या कामाला निरोप लागतच नाही. पोळपाट घेऊन गेले आणि उंबऱ्याजवळ बसले. कुणी वर पाहिलं नाही. मी लाटायला घेतलं तोच फोन वाजला. साहेब. हात पिठाचे होते.

"कोन शे?" अक्कानं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि फोन वाजून वाजून बंद झाला.

अक्कानं एक लाटी उचलली, तेलात बुडवली आणि माझ्या तोंडापुढे धरली. "खाय पहिले. तुन्हा पापड सकाय."

उद्या माझे पापड. मला तिची माफी मागायची होती, पण तोंड लाटीनं भरलं होतं.