प्रार्थनेचा विषय

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब भाकर मोडतात, मग एकेका बाकावरची माणसं उठून पुढे जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन परत येतात. त्या रविवारी आमच्या बाकाची पाळी आली आणि पप्पा उठले नाहीत. मला वाटलं गुडघे दुखत असतील, म्हणून मी वाकून हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि मान खाली घालून बसून राहिले. मागची रांग खोळंबली होती. मी एकटीच पुढे गेले, पण भाकर घेताना माझं सगळं लक्ष मागे त्या बाकाकडे होतं.

पप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते, आणि नोकरीत असल्यापासून शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवत आले. नाशिकच्या आमच्या शरणपूर वस्तीतल्या निम्म्या लोकांनी दहा आज्ञा त्यांच्याकडे पाठ केल्यात. असा माणूस प्रभुभोजनाला बसून राहतो म्हणजे बातमीच झाली. उपासना सुटल्यावर अंगणात जी ती मला विचारत होती, पप्पांची तब्येत बरी आहे ना. बरी आहे, बरी आहे म्हणत मी त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षापर्यंत नेलं.

घरी आल्यावर त्यांनी कारण सांगितलं. कुणाचं आपल्याविरुद्ध काही असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा, मगच देवापुढे जायचं, ही शिकवण आमच्यात सगळ्यांना ठाऊक असते. पाळतात फार थोडे. पप्पांविरुद्ध एका व्यक्तीचं काही होतं आणि ती व्यक्ती म्हणजे माझी मुलगी. ती घर सोडून विंचूरला राहायला गेली होती आणि त्यांच्याशी बोलत नव्हती. ती परत बोलेपर्यंत पप्पा प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावणार नव्हते. मी म्हणाले, मग करा ना तिला फोन. ते म्हणाले, बघू. हे बघू पुढे कित्येक महिने चाललं.

झालं होतं ते असं. माझी मुलगी विंचूरच्या वाइन पार्कमध्ये एका वायनरीच्या लॅबमध्ये काम करते. तेव्हा ती रोज नाशिकहून जाऊन-येऊन करायची. घरात नात एकच, त्यामुळे आजोबांचं आणि तिचं चांगलंच गूळपीठ होतं. संध्याकाळी ती आली की दोघं गॅलरीत चहा घेऊन बसायची आणि हळू आवाजात काय काय बोलायची. मला आत काही ऐकू यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. अशाच एका संध्याकाळी तिनं त्यांना सांगितलं की तिला आता प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की समोर कुणी आहे असं वाटत नाही, आपण खोटं बोलतोय असं वाटतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं, कारण ते रागावणार नाहीत याची तिला खात्री होती. आणि ते खरंच रागावले नाहीत. ते घाबरले.

त्या आठवड्यात चर्चची घरसभा आमच्याकडे होती. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, आणि शेवटी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले. कुणाचं ऑपरेशन होतं, कुणाच्या मुलाची नोकरी अडली होती. मग पप्पांनी हात वर केला. म्हणाले, माझ्या नातीसाठी प्रार्थना करा, तिचा विश्वास डळमळलाय. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात याच सगळ्यांसाठी कपांत चहा ओतत होती. तिनं तो ट्रे बाहेर आणला, एकेकाला कप दिला, आणि एकेक जण तिच्याकडे दयेनं बघत गेला.

ही चूक आमच्याच लोकांना जमते. दुसरीकडे कुणाचं गुपित फोडलं तर त्याला चहाडी म्हणता येतं, भांडता येतं. आमच्यात तो प्रार्थनेचा विषय होतो, आणि आपल्यासाठी डोळे मिटून बसलेल्या माणसांशी भांडायचं तरी कसं? दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या मोबाइलवर बायबलमधली वचनं यायला लागली, गुलाबाच्या चित्रांसकट. तरुण संघाच्या सेक्रेटरीनं भेटायची वेळ मागितली. महिला मंडळातल्या एक बाई घरी आल्या आणि सांगून गेल्या की वायनरीची नोकरी सोडवा, दारूच्या ठिकाणी काम केल्यावर दुसरं काय होणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, तरी मी त्यांना चहा आणि खारी दिली. थोड्याच दिवसांत मुलीनं बॅग भरली. लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर विंचूरलाच खोली घेतली. निघताना दारात मला म्हणाली, "मी आजोबांना सांगितलं होतं, मम्मी. त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं."

ती गेल्यावर माझ्याबद्दलही बोललं गेलं. मुलीवर कधी हात उगारला नाही, लाडावून ठेवली, आता भोगा. छडी आवरली तर लेकरू बिघडतं असं शास्त्रात जे सांगितलंय त्याची मला दोघीतिघींनी आठवण करून दिली, जसं काही मी ते विसरू शकत होते.

मी लहान होते तेव्हा पप्पांची शिक्षा करायची एक पद्धत होती आणि तिचं चर्चमध्ये कौतुक व्हायचं. रागाच्या भरात मारायचं नाही, हा त्यांचा नियम. दिवसभरात मी काही उद्योग केलेला असला की माझी मम्मी म्हणायची, पप्पा आले की सांगते. ते कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे, चहा प्यायचे. मग मला समोर बसवून विचारायचे, चूक कबूल आहे का. मग डोळे मिटून प्रार्थना करायचे, या लेकराला शहाणपण दे, मला प्रेमानं शिक्षा करायला बळ दे. आमेन मलाही म्हणावं लागायचं. मग हात पुढे करायचा. आणि छड्या संपल्या रे संपल्या की ते मला पोटाशी धरायचे आणि जेवताना स्वतः घास भरवायचे. लोक म्हणायचे, शिस्त असावी तर अशी. मार तसा फार लागायचाही नाही. लागायचं ते वाट बघणं. सातपूरची बस कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज, मग त्यांचं ते सावकाश चहा पिणं. त्यांच्या हाताला साबण लावला तरी मशीनच्या तेलाचा वास राहायचा, आणि त्याच हातानं मारलेलं आणि त्याच हातानं भरवलेलं. माझ्या अंगाला कधी कळलंच नाही की या वासाला भ्यायचं की बिलगायचं.

अजूनही संध्याकाळ झाली की माझे कान कोपऱ्यावरच्या बसकडे लागतात. मला एका जागी बसवत नाही. पुसलेला ओटा मी परत पुसते, वाळलेले कपडे काढून घडी घालते आणि घडी मोडून परत घालते. माझा नवरा नोकरीसाठी वापीला असतो, शनिवारी येतो. तो म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. मुलगी गेल्यावर ते फारच वाढलं. मी शाळेत शिकवते, तिथंही तासभर खुर्चीवर टेकत नव्हते, मुलं वह्यांत लिहीत असायची आणि मी बाकांमधून फेऱ्या मारायचे.

दोघांच्या मध्ये मी. मुलगी फोनवर माझ्याशी नीट बोलायची, पण आजोबांचा विषय काढला की म्हणायची, तू निरोप आणू नकोस, त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील. इकडे पप्पा रोज तिची चौकशी करायचे, जेवली का, बस मिळाली का, आणि फोन हातात दिला की मान हलवून परत द्यायचे. पहिला रविवार आला की बसून राहायचे. लोकांनी आता विचारणं सोडलं होतं. ते भाकर न घेण्याच्या हट्टानं माझ्या मुलीवरच दडपण आणतायत असं मला वाटायला लागलं आणि एका रविवारी जेवताना माझा बांध फुटला.

मी म्हणाले, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं हे तुम्ही जन्मभर शिकवलंत. त्याला लागूनच बापांनाही सांगितलंय, लेकरांना चिडीस आणू नका म्हणून. ते कधी शिकवलंत का?

त्यांनी शांतपणे घास संपवला. म्हणाले, "शब्बाथ शाळेत बाप कुठे असतात?"

मला हसू आलं आणि हसू आल्याचा आणखी राग आला. मी ताट उचलून आत गेले. परत आले तेव्हा ते पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसले होते. म्हणाले, "मी माफी मागितली आणि ती नाही म्हणाली तर?"

इतके महिने मी त्यांच्या त्या 'बघू'ला गर्व समजत होते. ती भीती होती. ज्या माणसापुढे मी हात पुढे करून उभी राहायचे, त्याला माझ्या पोरीच्या एका नाही म्हणण्याची भीती वाटत होती. मला त्यांची दया आली. मी म्हणाले, चला, आपणच जाऊ.

मुलीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही विंचूरवरून लासलगावकडे जाणारी एसटी धरली. आम्ही येतोय म्हटल्यावर ती फोनवर फक्त या म्हणाली होती. निफाडच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता आणि बस गोगलगायीसारखी चालली होती. मी उठून पुढे बघायचे, परत बसायचे, शेवटी कंडक्टरनं मला दम दिला, म्हणाला, बाई, तुम्ही उभं राहिल्यानं गाडी पळणार नाय. पप्पांचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असतील असं मला वाटलं. कान दिला तर ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते, एकदा 'बाळा' हा शब्द घालून आणि एकदा न घालता.

तिच्या खोलीत एक खाट, एक प्लास्टिकची खुर्ची आणि खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. तिनं आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. पप्पांनी पाणी प्यायलं नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तू मला सांगितलेलं मी लोकांत नेलं. मला माफ कर."

'बाळा' त्यांनी घातलं नाही. वचन सांगितलं नाही, तुझ्या भल्यासाठीच केलं असंही म्हणाले नाहीत. मी कुंडीकडे बघत राहिले.

मग ती म्हणाली, "मी अजूनही प्रार्थना करत नाही, आजोबा."

"ते मी विचारलंच नाही," ते म्हणाले.

ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली की माझा राग अजून गेलेला नाही, जाईल तेव्हा जाईल, पण त्यासाठी तुम्ही प्रभुभोजनाला असे बसून राहू नका. मग खुर्चीशेजारी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नाशिकला परत राहायला येईन असं म्हणाली नाही, पण नाताळाला येते म्हणाली. मला फार आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या मागोमाग असा संताप आला की मी नळाखाली पेले धुवायचं निमित्त करून बाहेर गेले.

परतीच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. पप्पा हलके दिसत होते. रस्त्यावरच्या कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होते. मी त्यांना मध्येच तोडलं आणि म्हणाले, माझी माफी तुम्ही कधी मागितली नाहीत.

"तुझी?" ते म्हणाले. "तुझ्याशी माझं कधी काय होतं?"

ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही सोंग नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मारलंत म्हणून नाही, मी म्हणाले. सगळ्यांचेच बाप मारायचे. शेजारची पोरं मार खाल्ला की देवाला बापाची तक्रार सांगायची. तुम्ही मारायच्या आधीच देवाशी बोलून घ्यायचात. मग मी रडून कुणाला सांगायचं होतं? तो तर आधीच तुमच्या बाजूला बसलेला असायचा.

बस आली. मी उठले, ते उठले नाहीत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पप्पांनी त्याला हातानं जा म्हणून खुणावलं आणि बस गेली.

"मग तू प्रार्थना कशी करतेस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "करत नाही. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणते, तेवढंच. एकटीनं कधी जमलंच नाही."

हे मी कुणाला, नवऱ्यालाही, सांगितलेलं नव्हतं. ते आता काय म्हणतील, डोळे मिटतील का, इथंच माझ्या डोक्यावर हात ठेवतील का, या धास्तीनं मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. ते काठी टेकत माझ्याजवळ आले. डोळे उघडेच होते.

"हे मी कुणाला सांगणार नाही," पप्पा म्हणाले.