रास अल खैम्यातली पोलिश शिकवणी आणि आमच्या उन्हाळी सुट्ट्या

अभिजितला कंपनीने पोलंडला येतोस का असं विचारलं आणि उत्तरासाठी सोमवारपर्यंतची मुदत दिली. तो दुबईच्या जबल अलीत गोदामांचं काम बघतो. कंपनीचं तसंच एक मोठं गोदाम पोलंडच्या मधोमध, वुच नावाच्या शहराजवळ आहे. आमच्या घरात पोलंड पाहिलेलं कोणी नाही. मग त्याला कॉलेजातला मित्र मकरंद आठवला. मकरंद पोलंडमध्ये टाइल्सच्या कारखान्यात बरीच वर्षं होता, आता तेच काम रास अल खैम्यात करतो. त्याची बायको काशा पोलिश आहे. तिकडे असताना परदेशी लोकांची राहण्याची कागदपत्रं तयार करून देणं हा तिचा व्यवसाय होता. आता ती घरून पोलिश शिकवते. "शनिवारी येतो, दोन दिवस पाहुणचार कर आणि तुझ्या बायकोला आमच्यासाठी मोकळी ठेव," असं अभिजितने सांगून टाकलं.

सकाळी लवकर शारजातल्या अल नहदाहून निघालो. एरवी त्या वेळी आमच्या इमारतीखालची गर्दी दुबईकडे तोंड करून उभी असते. शनिवारी उलट दिशेला जाताना सुट्टीचा खरा आनंद मिळतो. ई-३११ हा रस्ता सरळ रास अल खैम्यापर्यंत नेतो आणि शारजाच्या उत्तरेला टोलचं गेट लागत नाही. गाडी नसेल तर शारजाच्या अल जुबैल स्थानकावरून बस मिळते. भाडं पंचवीस-तीस दिरहम, म्हणजे सातशे रुपयांपर्यंत. उम्म अल कुवैन सोडल्यावर पेट्रोल पंपावर करक चहा घेतला. मागच्या सीटवर आमची सई, वय पंधरा, कानात इअरफोन घालून पोलिश शब्द पुटपुटत होती. कंपनीचं पत्र आल्यापासून तिने मोबाइलवर अॅप घेतलंय. आम्हाला विचारलं नव्हतं.

"सई, चहा?"

"नो थँक्स. आय ॲम ऑन नंबर्स."

मकरंदचं घर किनाऱ्याजवळ आहे. दार काशाने उघडलं आणि म्हणाली, "या की आत. चपला राहू दे तिथंच." तिने मराठी सांगलीच्या सासूबाईंकडून उचललंय, त्यामुळे पुण्यातल्या कोणाहीपेक्षा ती अघळपघळ बोलते. जेवायला पियेरोगी होत्या, म्हणजे बटाटा आणि पनीरसारखं चीज भरून उकडलेल्या करंज्या. काशाच्या सासूबाई त्यावर तिखट आणि तेल घालून खातात, असं मकरंदने सांगितलं. आम्हीही तसंच खाल्लं. काशाने मान वळवली.

दुपारी शिकवणी झाली. पोलंडला जायचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी त्यातलं थोडं. आपल्याकडे चोरातला च आणि चहातला च वेगळे असतात. पोलिशमध्येही ते दोन्ही आहेत, आणि बाकीच्या भारतीयांना तिथे घाम फुटतो. विभक्ती सात. शाळेत पाठ केलेला तक्ता आठवत असेल तर घाबरू नका, नसेल तर थोडं घाबरा. अनोळखी माणसाला 'तू' म्हणायचं नाही. त्यांच्याकडे आपल्या 'आपण'सारखी सोय आहे आणि दुकानातही ती वापरतात. "इंग्रजीवर नोकरी चालेल," काशा म्हणाली, "पण घरमालक, डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी, हे तिघं इंग्रजीवर चालत नाहीत."

घराचा लेखी करार पहिल्या दिवसापासून हवा, कारण पुढची जवळजवळ सगळी कागदपत्रं पत्त्यावर उभी राहतात. पत्ता नोंदवला की ओळख क्रमांक मिळतो आणि त्यावर दवाखाना, शाळा, बँक सगळं सुरू होतं. सरकारी शाळा मोफत, नव्या मुलांना पोलिशचे जादा तास. नागरिकत्वाचा साधारण मार्ग असा: पाच वर्षं कायदेशीर, सलग राहून दीर्घ मुदतीचा परवाना, मग आणखी तीन वर्षं आणि अर्ज. भाषेची बी-वन म्हणजे मध्यम पातळीची सरकारी परीक्षा त्या वाटेवरच आहे, मात्र मुलांनी तिथली शाळा पूर्ण केली असेल तर तो दाखला चालतो. आपला देश दोन नागरिकत्वं मानत नाही, त्यामुळे शेवटी भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागतो आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. हे मी ऐकून लिहिते आहे. नियम कडक करण्याच्या चर्चा तिकडे चालू असतात, तेव्हा जाण्याआधी अधिकृत ठिकाणी तपासा, माझ्या ब्लॉगवर विसंबू नका.

मला हे सगळं जमण्यासारखं वाटत होतं. वीस वर्षं इथे काढूनही आम्ही नोकरी आहे तोवरचे आहोत. सई इथेच जन्मली, पण तीही बाबाच्या व्हिसावर. कुठेतरी पक्कं असावं, असं मलाच जास्त वाटत होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत जबल जैसला निघालो. डोंगराचा रस्ता गुळगुळीत, रुंद आणि वळणावळणाचा आहे. वाटेत गाडी लावायला जागा आहेत. वर वारा बोचतो, थंडीच्या दिवसांत जाकीट न्याच. आम्ही एका कठड्याशी चटई टाकली आणि थर्मास उघडला. मी सहज म्हणाले, "उन्हाळ्याचं आमचं नेहमीसारखंच. मी आणि सई दोन-अडीच महिने कोल्हापूरला, अभिजित इथे बॅचलर. म्हणजे आता पोलंडला."

इथल्या बहुतेक मराठी घरांत असंच असतं. शाळा बंद झाली की बायका-मुलं गावी, नवरे डबा लावून राहतात. माझे बाबा कोल्हापूरला एकटे असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते दोन महिने आम्हा दोघांचं वर्ष असतं.

काशाने कप खाली ठेवला. "दर वर्षी?"

"दर वर्षी. दिवाळीत दहा दिवस, ते वेगळे. सहा महिन्यांच्या आत परत आलं की झालं ना?"

मकरंद हसायला लागला. "वहिनी, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की व्हिसा रद्द, हा तुमचा दुबईचा नियम. इथून जाणारा प्रत्येक जण तिथे हाच नियम घेऊन जातो."

"ताई, सहा महिने एका वेळचे," काशा म्हणाली. "पण पाच वर्षांतलं सगळं बाहेर राहणं मिळून दहा महिन्यांच्या वर गेलं तर ती पाच वर्षं सलग धरत नाहीत. तुमच्या दोन महिन्यांच्या पाच सुट्ट्या घातल्या की खलास. दिवाळी राहिलीच."

"आणि कोणी आजारी पडलं तर?"

"तेही त्यातच."

 खाली वळणांवरून गाड्या येत होत्या, त्या मी बघत बसले. अभिजित म्हणाला, "मग नाही म्हणूया. इथे काय वाईट आहे?" तो हे माझ्यासाठी म्हणत होता, हे मला कळत होतं. आणि मी ते लगेच मान्य करायला किती तयार होते, हेही.

तेवढ्यात सई बोलली. आधी इंग्रजीत. "इज इट काउंटेड पर फॅमिली ऑर पर पर्सन?"

"माणशी," काशा म्हणाली. "प्रत्येकाचं वेगळं."

मग सई माझ्याकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "मग तू जा ना आजोबांकडे. सगळी सुट्टी जा. मी आणि बाबा थांबतो. मी थोडे दिवस येईन. मला कुठलीतरी व्हायचंय, आई."

मला राग आला. आजोबांना इतक्या सहज कमी करते, म्हणून. मग वाटलं, हा राग आजोबांसाठी आहे, की तिला माझ्याशिवाय सुट्टी चालेल म्हणून?  डोंगर उतरून खाली आल्यावर मी एवढंच म्हणाले, "सोमवारच्या आत आजोबांना विचारू."

रविवारी परतताना अल जझीरा अल हमरा हे जुनं मोती काढणाऱ्यांचं गाव पाहिलं. प्रवाळाच्या भिंती, रिकामी अंगणं. तासभर पुरतो, पाणी बरोबर ठेवा. दुपारी अल नहदाला पोचलो आणि पार्किंग शोधण्यात प्रवासातला सगळ्यात अवघड भाग पार पाडला.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. सईचंही. ते ऐकून घेत होते, चष्मा पुसत होते.

"म्हणजे पोरगी दोन महिने नाही यायची."

"नाही. मी येईन. मला ते नागरिकत्व नाही मिळालं तरी चालेल."

"तू पण नको येऊस एवढी. तू असलीस की माझं सकाळचं फिरायला जाणं बंद पडतं. तुझे ते काढे, पथ्य. तीन आठवडे ये, बास."

"बाबा, खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

हे खरं होतं की मला मोकळं करण्यासाठी होतं, मला अजून ठरवता येत नाही. सोमवारी अभिजितने होकार कळवला. आम्ही ठरवलंय ते असं: सईचे आणि त्याचे महिने काटेकोर राखायचे, माझे मी राखणार नाही. आठ-दहा वर्षांनी एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट असतील कदाचित. विचित्र वाटतं, पण गेले दोन दिवस मी त्याची सवय करते आहे, आणि होतेय.

काल बाबांचा आपणहून फोन आला. "तिकडं डिसेंबरात बर्फ असतो का गं?"

"असतो की. का?"

"शारजात उकडतं म्हणून मी कधी आलो नाही. थंडी सोसते मला. पाहुण्याला किती दिवस राहू देतात ते त्या बाईंना विचारून ठेव."

काशाला विचारलं. व्हिसा आणि विमा लागेल, तीन महिन्यांपर्यंत राहता येईल, असं ती म्हणाली. बाबांच्या गुडघ्याचं काय, एवढा प्रवास झेपेल का, सगळे प्रश्न माझ्यापुढे आहेत. पण त्यांनी शेजारच्या मुलाकडून माळ्यावरची पेटी उतरवून घेतली आहे आणि तिच्यातला लोकरीचा कोट गच्चीवर उन्हात टाकलाय.