बावनकशी नव्हते आबा

माझ्या लहानपणी आमच्या घरी पाणी यायचं टँकरनं आणि वडील यायचे वर्षातून एकदा, म्हसवडच्या रथाच्या जत्रेला. दोन्ही वेळेला आई आधीपासून उंबऱ्यात उभी असायची. आटपाडीच्या बाजूची निम्मी माणसं तेव्हा जे करायची तेच आबा करत होते, गलाई. कुठल्यातरी परमुलखात सोनारगल्लीच्या मागच्या बोळात भट्टी लावायची आणि जुने दागिने, दुकानातली झाडलोट गाळून त्यातलं सोनं वेगळं काढून द्यायचं. दुसऱ्याचं. माझ्या आईच्या गळ्यात काळी पोत होती, तिच्यात नुसते मणी होते. पावसानं दगा दिला त्या सालात आम्ही दोन्ही वेळेला हुलग्याचं माडगं प्यायलो, आणि आबांच्या पत्रात एवढंच असायचं, मी खुशाल आहे.

गेल्या महिन्यात आबा गेले. आयुष्यभर भट्टीवरच्या तेजाबाची, म्हणजे ॲसिडची वाफ छातीत घेतली आणि डॉक्टरला कधी छाती दाखवली नाही. मी व्हिएन्नात कामावर होते, भावाचा फोन आला. विमानं बदलत गावी पोहोचले तोवर सावडणंसुद्धा झालं होतं. दहाव्याला थोरले चुलते उभे राहिले, उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "बावनकशी मानूस गेला." सगळ्या भावकीनं माना डोलावल्या. मी नाही डोलावली. त्या एका शब्दापायी हे लिहायला बसले आहे. तो शब्द आबांचा होता. शंभर नंबरी सोनं हातात आलं की ते म्हणायचे, बावनकशी. माणसाबद्दल तो त्यांनी उभ्या जन्मात काढला नाही. माझ्याबद्दल तर नाहीच.

बारावीनंतर माझं लग्न ठरल्यात जमा होतं, आबांच्याच ओळखीतल्या एका भट्टीवाल्याच्या मुलाशी. मी सांगलीला कॉलेजात नाव घातलं. आई म्हणाली, "जा तू. मी बघती काय व्हतंय ते." झालं ते इतकंच, की आबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. रथाला यायचे, माझ्यासमोर बसून जेवायचे आणि आईला म्हणायचे, "तिला इचार, मीठ पायजे का." मी रसायनशास्त्र घेतलं, एम.एस्सी. झाले, विद्यापीठात पहिली आले, सुवर्णपदक मिळालं. आमच्या घराण्यात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. पदकाची डबी घेऊन मी एस.टी.नं गावी आले आणि ती आबांच्या हातात ठेवली.

त्यांनी पदक उलटंपालटं केलं. खिशातून कसोटीचा काळा दगड काढला, त्यावर पदकाची कड घासली, दगड उजेडाकडं धरला. मग कोनाड्यातली तेजाबाची बाटली घ्यायला वळले. खरं सोनं असेल तर तेजाबाच्या थेंबाखाली रेघ टिकते, नसेल तर जाते. मी पदक हिसकावून घेतलं आणि दगडावरची रेघ ओढणीनं पुसून टाकली.

आबा म्हणाले, "सोन्याचं पानी दिलंय वर. आत तांबं. रसायन शिकलीस न्हवं? मग तुला वळकाय येईना व्हय?"

आई म्हणाली, "आवं, पोरगी केवढ्या हौसेनं घिऊन आलीय..."

"हौस येगळी, कस येगळा."

त्या दिवसानंतर कित्येक वर्षं मी ती डबी उघडली नाही. माझ्या प्रयोगशाळेत धातूंचीच कामं चालतात, पदकाला थेंब लावायला मला एक मिनिट पुरलं असतं. तरी नाही उघडली.

व्हिएन्नात नोकरी लागली, स्वतःचं घर झालं, आणि मी दोघांना तिकडं बोलावलं. लोकांना वाटलं आईबापाची हौस. आईची हौस होती हे खरं. पण मला आबांच्या तोंडून तो शब्द काढून घ्यायचा होता. युरोपातल्या तीन राजधान्या पुढ्यात मांडते, बघू कसे म्हणत नाहीत, अशी ईर्ष्या होती.

मुंबईच्या विमानतळावरच त्यांच्या खिशात तो दगड निघाला. तपासणाऱ्यानं विचारलं, हे काय? आबा भट्टीवरच्या हिंदीत ठासून म्हणाले, "भगवान है." त्या बिचाऱ्यानं दगडाला हात जोडून तो परत दिला. हे आईनं मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. दगड का आणलाय ते मी ओळखलं होतं.

पहिल्याच दिवशी व्हिएन्नातल्या राजवाड्याच्या फाटकावर सोनेरी वेलबुट्टी दिसली. मी आईला तिथल्या राणीची हकीकत सांगत होते तोवर आबांनी दगड काढून एका पानाला घासला. पहारेकरी धावत आला. मी जर्मनमध्ये माफी मागत सांगितलं, आमच्याकडं मोठ्या दाराच्या पाया पडायची चाल आहे. माझी मान शरमेनं खाली गेलेली, आणि आबा मागून म्हणतात, "त्याला सांग, वर्ख हाय नुसता. आत लोखंड. फशिवलंय तुमास्नी." पुढं बागेत एका वाजंत्र्याचा सोनेरी पुतळा लागला. आबा म्हणाले, "वाजंत्र्याला सोनं, मग नवऱ्याला काय?" आई तोंडाला पदर लावून हसली. माझं डोकं उठलं.

प्रागला मनोऱ्यावरच्या जुन्या घड्याळापुढं शेकडो माणसं माना वर करून उभी होती. ठोके पडले, खिडकीतून बाहुल्या फिरून गेल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, "एवढी मानसं वाजल्यात किती ते बघाय आल्यात? कामधंदा न्हाई व्हय हितं?" आईला अजून बघायचं होतं. ते चालू लागले, मागून ती, मागून मी. गावातही आम्ही असंच चालत आलो होतो.

बुडापेस्टला दुपारी नदीतून होडी चालली होती. आई कठड्याला धरून दोन्ही काठ डोळ्यांत साठवत होती. तिथं माझा बांध फुटला. मी म्हणाले, "आबा, आयुष्यात एकदा तरी कशाला चांगलं म्हणा. मी इथवर आले, तुम्हाला आणलं... कधी चांगलं म्हणालात मला?"

आबांनी तेजाबानं पिवळी पडलेली बोटं चोळली. "चांगल्याला चांगलं कशाला म्हनाय लागतंय? ते असतंयच. खोट्याला खोटं म्हनाय लागतं. तोच माझा धंदा."

"मी तुमचा धंदा नाही," मी म्हणाले. ते आईला म्हणाले, "तिला इचार, भूक लागलीया का."

मला तो न्याय तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. भट्टीतलं सोनं वाट बघत नसतं, घरातली माणसं बघतात. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, घासून बघतेय. हे शिकवलंय कुणी?

दहावा झाल्यावर आईनं तो दगड माझ्या हातात ठेवला. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुझ्या भावाला त्यातलं काय कळतंय?" व्हिएन्नात परत आल्यावर मी डबी उघडली, पदक आणि दगड कामावर नेले. कड घासली. पिवळीधमक रेघ उठली. तिच्यावर थेंब सोडला. थेंब हिरवट झाला, रेघ गेली.

आबा खरं बोलले होते.

दगड आता माझ्या टेबलावर असतो, कागदांवर वजन म्हणून. त्याच्याखाली माझं पदवीचं प्रमाणपत्र आहे. ते आबांनी कधी हातात घेतलं नाही, घासलंही नाही. पदक तांब्याचं होतं, पदवी नव्हती. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे आणि माझ्या आईनं तीन देशांच्या राजधान्या बघितल्या त्या माझ्यामुळं.