चांगुणाबाई आणि सिरियलवाल्यांच्या चुका

संध्याकाळचे सात वाजत आले की तेर गावच्या चांगुणाबाईंना एका जागी बसवत नाही. उठतात, पाणी पितात, पुसलेला चष्मा पुन्हा पुसतात आणि मांडीवर वही घेऊन टीव्हीपुढं बसतात. वहीत सिरियलवाल्यांच्या चुका. त्यांची जीव की प्राण कादंबरी ‘तुळसाचं रान’ आता टीव्हीवर येते, आणि या बाईचं रोज रक्त आटतं.

पुस्तकातली तुळसा काळीसावळी, अनवाणी, बांधावर बसून तंबाखू मळणारी. टीव्हीवरची तुळसा झोपतानासुद्धा लिपस्टिक लावते. पुस्तकात जिला नावसुद्धा नाही, त्या जावेला कटकारस्थानं करायला आठ भाग दिलेत. “अरं, वाचलं तरी का न्हाय तुमी पुस्तक?” चांगुणाबाई टीव्हीवर खेकसतात. “त्यास्नी ऐकू जात न्हाय,” एवढंच त्यांचे यजमान तात्याराव म्हणतात, आणि मग तेही बोलणी खातात.

चांगुणाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पावसाळ्यातल्या वर्षावासात बुद्धविहारात ग्रंथ वाचायचा मान त्यांचाच. तिथली शिस्त कडक: ओळ गाळायची नाही, पदरचं काही घालायचं नाही. दुपारी त्याच आवाजात त्या आपल्या ओट्यावर बायांना कादंबऱ्या वाचून दाखवायच्या आणि बाया डाळ निवडत ऐकायच्या. बारा वर्षांत ‘तुळसाचं रान’ चारदा वाचून झालं. चांगुणाबाईंच्या तोंडून आलं म्हणजे ते पुस्तकात आहेच, याबद्दल गल्लीत कुणाला शंका नव्हती. या विश्वासावर ती बाई ताठ मानेनं चालायची.

आणि गुरुवारी सिरियलीत तुळसाचं पोरगं विहिरीत बुडून मेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ बाया दारात हजर. पुढं किराणा दुकानवाली गायत्री, रागानं लाल झालेली. “काकू, पोरगं मारलं की हो मेल्यांनी! पुस्तकात तर लातूरला शिकून मास्तर हुतंय ते. लग्न बी हुतंय. लिवा तुमच्या वहीत, आमी समद्या सह्या करतो!”

चांगुणाबाईंनी पेन उघडलं आणि तसंच मिटलं. “बघू,” म्हणाल्या. बाया चकित होऊन परतल्या.

लिहिणार काय कपाळ? इतक्या महिन्यांत सिरियलवाल्यांनी पहिल्यांदाच पुस्तकातलं जसंच्या तसं दाखवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी पहिल्या वाचनात ते पान आलं तेव्हा समोर गौराबाई बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन. त्यांचा मुलगा नंदीश आदल्याच वर्षी तेरणा नदीच्या डोहात बुडाला होता. चांगुणाबाईंनी मान वर केली, गौराबाईंकडं पाहिलं, आणि त्यांच्या जिभेनं परस्पर त्या पोराला लातूरला शिकायला पाठवून दिलं. मग पुढची पानं गाळावी लागली, त्याला नोकरी लावावी लागली, वरात काढावी लागली. एकदा जिवंत ठेवलेलं पोरगं पुढच्या तिन्ही वाचनांत जिवंत ठेवणं भाग होतं.

दिवसभर बाईंचा पाय घरात ठरेना. उगाच स्टँडपर्यंत जाऊन आल्या. निवडलेली मेथी परत निवडली. सांगावं तर बारा वर्षांची अब्रू जाते. न सांगावं तर खोट्या कागदावर सात-आठ जणींच्या सह्या घ्यायच्या. “सांग, न्हायतर गप बस,” तात्याराव वैतागले. “पर बस कुठंतरी!”

चार वाजता पुस्तक काखेत मारून त्या गौराबाईंकडं गेल्या. कपाळाला भस्म लावलेल्या गौराबाई पडवीत एकट्याच शेंगा फोडत होत्या. चांगुणाबाई उंबऱ्यातच टेकल्या.

“अक्का, सिरियल खरी हाय. खोटं म्या वाचलं.”

आणि धीर सुटायच्या आत त्यांनी ते पान वाचून टाकलं. वाचताना वर बघायची हिंमत झाली नाही. पान संपलं तरी रडणं ऐकू येईना. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“अन् मग?” गौराबाईंनी विचारलं.

“मग काय, अक्का?”

“पोरगं गेल्यावर त्या बाईनं काय केलं? हातरुणातनं उठली कशी? त्या हिरीचं पानी परत प्याली का?”

चांगुणाबाईंनी पुढचं पान उलटलं. “हाय की. समदं हाय पुढं. बावीस पानं हायती.”

गौराबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“बावीस पानं,” त्या म्हणाल्या. “मला तवाच पायजे हुती गं ती. अन् तू मला वरात ऐकवत बसलीस.”