खिळ्यावरची पिशवी

बायबलातला दहा कुमारींचा दाखला मला कधी पटला नाही, हे आधीच सांगून टाकते. दहाजणी दिवे घेऊन वरराजाची वाट बघत होत्या, त्याला यायला उशीर झाला, पाचजणींच्या दिव्यांतलं तेल संपत आलं, आणि ज्यांच्याकडे जास्तीचं होतं त्या पाचजणींनी थेंबभरही दिलं नाही. मग दार लागलं आणि त्या बिचाऱ्या बाहेर राहिल्या. पाळकसाहेब रविवारी चर्चमध्ये हा दाखला वाचायचे तेव्हा मी मनातल्या मनात भांडायची की, या न देणाऱ्यांना दाखल्यात शहाण्या कसं म्हटलंय? आमच्या घाटनांदूरकडे शेजारीण वाटी घेऊन दारात आली तर कुणी नाही म्हणत नाही. माणुसकी म्हणून काही असते की नाही? माझा स्वभावच असा, एखादी गोष्ट खुपली की वर्षानुवर्षं खुपत राहते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. एकदा उपासनेहून घरी येताना मी त्यांना हे बोलून दाखवलं. त्या फिसकन हसल्या. म्हणाल्या, "आपल्याकडं वऱ्हाड कवा टायमात आलंय का गं? सकाळचं लगीन आन् दुपारी वऱ्हाड. ओवाळायच्या बायका ताटं धरून उभ्या ऱ्हातेत, वाती इझून जातेत. ही रीत म्हाईत असून जी तेल न आणता आली, तिला काय म्हणावं?" मी म्हटलं, "आणि ज्यांनी आणलं त्यांनी दुसरीसाठी पण आणायला काय झालं होतं?" त्यावर आत्या म्हणाल्या, "आणावं की माय. पर आदी आणावं लागतंय. दारात उभं ऱ्हाऊन न्हाई." एवढं बोलून त्या पुढे चालायला लागल्या. मला ते उत्तर म्हणजे पळवाट वाटली.

आत्यांच्या तयारीची आमच्या घरात कायम थट्टा चालायची. त्यांच्या खाटेजवळ भिंतीतल्या खिळ्याला एक जाड कापडी पिशवी टांगलेली असे. दर थोड्या दिवसांनी त्या ती उतरवत, आतलं सगळं उन्हात घालत आणि पुन्हा भरून ठेवत. "आत्या, कुठल्या गावाला निघालात?" असं मी विचारलं की म्हणत, "बोलावणं आलं की निगायचं. वरचा धनी कवा येईल, सांगून येतंय का?" आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका म्हातारीने स्वतःच्या मातीसाठी पांढरं लुगडं आधीच घेऊन ठेवलं होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्यामुळे आम्ही घरातल्यांनी ठरवूनच टाकलं की आत्यांच्या पिशवीतही तेच आहे. माझे पती तिला मरणाची पिशवी म्हणत आणि हात लावत नसत. आत्या ती वाळवायला बसल्या की मी शिलाई मशीनवर मान खाली घालून ब्लाउज शिवत बसायची. थट्टा करत होते खरी, पण भीती मलाही वाटायची. आईविना वाढलेल्या मला या बाईने मायेने सांभाळलं होतं. त्यांच्या जाण्याची तयारी मला डोळ्यांसमोर नको होती.

आत्यांचा दुसरा नेम सकाळच्या प्रार्थनेचा. मी चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि त्या माझ्या पाठीमागे भिंतीला टेकून बसायच्या, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. मग मोठ्याने प्रार्थना सुरू व्हायची. गाव, गल्ली, गाय, ऊसतोडीला गेलेली माणसं, कुणी सुटत नसे. मी ऐकत होते असं म्हणणार नाही. तव्यावरच्या भाकरीवर लक्ष असायचं, मधेच ब्लाउजचं माप आठवायचं. देवाचं काय ते आत्या बघतात, आपण घर बघावं, अशी आमची वाटणी झाली होती आणि ती मला फार सोयीची होती.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो मागचा आवाज मधेच थांबला. शब्द अर्धा तुटला. ऐकत नव्हते म्हणते, पण थांबल्याबरोबर माझा हात पिठातच राहिला. वळून पाहिलं तर आत्या एका अंगावर कलल्या होत्या, तोंड वाकडं झालं होतं आणि डोळे मात्र माझ्याकडे लागलेले. माझे पती कारखान्याचा हंगाम म्हणून ट्रक घेऊन माजलगावला होते. मी ओरडत अंगणात आले. समोरच्या किराणा दुकानातले शिवाप्पा गिऱ्हाईक तसंच सोडून टेम्पो घेऊन आले. "घाबरू नका वहिनी, बसा मागं," एवढंच म्हणाले. निघताना आत्यांचा उजवा हात निर्जीव लोंबत होता आणि डावा त्या खिळ्याकडे जात होता. पिशवी घे, असं त्या सांगत होत्या. मला तिला हात लावायचा नव्हता. पण त्यांचं मन मोडवेना, म्हणून ती काढून घेतली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचेल असं वाटतंय, वाचा येईल की नाही ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. सलाईन लावलं, आत्यांना खाटेवर घेतलं आणि मी शेजारी जमिनीवर बसले. अंगावर पिठाने भरलेली साडी, पायात चप्पल नाही, आणि चष्मा घरी मशीनवर राहिलेला. औषधाची चिठ्ठीसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. डोकं ठणकत होतं. मला डोकेदुखीचा जुना त्रास आहे.

शेजारच्या खाटेवर माजलगावकडचे एक गृहस्थ होते. त्यांची बायको पायाशी बसलेली, कपाळावर विभूती, तोंडाने एकसारखा शिवाचा जप. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, फरशी गार हाय. काय अंथरायला आणलं न्हाई का? ती पिशवी हाय की." मी म्हटलं, "त्यात तसलं काही नाही." ती म्हणाली, "बगा तर खरं."

मी डोळे मिटूनच पिशवीत हात घातला. वर आत्यांची धुतलेली साडी, टॉवेल, साबण, फुलपात्र, चमचा. त्याच्याखाली एक सतरंजी. सतरंजीच्या घडीत माझी जुनी शाल, मागच्या हिवाळ्यात हरवली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं ती. डबीत शेंगदाण्याची चटणी, वास घेतला तर ताजी. माझ्या डोक्याला लावायचा बाम. रबरी चप्पल, माझ्या मापाची. आणि फडक्यात गुंडाळलेला माझा जुना चष्मा, काडी तुटली म्हणून मी टाकून दिलेला. ती काडी दोऱ्याने घट्ट बांधली होती.

पांढरं लुगडं नव्हतंच. तळाशी हात फिरवून पाहिला, पिशवी उलटी करून पाहिली. मरणाचं त्यात काही नव्हतं. एक वाटा त्यांचा होता आणि त्याहून मोठा वाटा त्यांच्यासोबत येणाऱ्याचा. सोबत कोण येणार हे त्यांनी पक्कं धरलं होतं. दारात न्हाई, आदी आणावं लागतंय, हे त्यांचे शब्द मला आठवले आणि मी चष्मा लावून खूप रडले.

पण एक गोष्ट पिशवीत नव्हती. दुपारी आत्यांनी डोळे उघडले आणि डावा हात चादरीवर उताणा ठेवला, घरी प्रार्थनेला ठेवतात तसाच. डोळे माझ्यावर. त्यांना काय हवंय हे मला लगेच समजलं. आयुष्यभर सगळ्यांसाठी बोललेली ती बाई आता बोलू शकत नव्हती आणि मला म्हणत होती, तू म्हण. मी त्यांचा हात धरला, तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. "हे प्रभू" म्हणून गप्प झाले. पुन्हा "हे प्रभू". इतकी वर्षं दुसरीच्या उजेडात वावरलेली मी, माझ्या दिव्यात काहीच नव्हतं. त्या बाहेर राहिलेल्या पाचजणींची मला एवढी कणव का येत होती, ते त्या दुपारी कळलं. त्यांतली एक मीच होते. आत्या अशाच गेल्या तर माझ्या तोंडून एक शब्द न ऐकता जातील, या विचाराने मी त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात ती शेजारची बाई जपाची माळ गुंडाळून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. "तुमच्यात मोठ्यानं म्हणतेत न्हवं? म्हणा की. कावून थांबलात?" मी म्हटलं, "मला येत नाही हो. यांनाच यायचं." ती म्हणाली, "मंग यास्नी येतंय तेच म्हणा. आन् माझ्या मालकाचं बी नाव घ्या त्यात. जप करून माझी जीभ वाळली. तुमचा देव आलाच तर एवढ्या लांबून आलेला, शेजारच्या खाटंवर बी बगू द्या त्येला."

मला हसू आलं आणि हसता हसता तोंड सुटलं. मी आत्यांच्या चालीत सुरुवात केली. गावावर कृपा ठेव. ऊसतोडीला गेलेल्या लेकरांना फडात जपून ठेव. गाभण गाईला सुखानं मोकळी कर. शिवाप्पाच्या दुकानाला बरकत दे. शेजारच्या या भावाला उठव. एकामागून एक ओळ येत होती, जणू माझ्या मागे भिंतीला टेकून कुणी सांगत होतं. मी काहीच आठवत नव्हते, तोंडच पुढे चाललं होतं. आणि तोंडातून पुढची ओळ निघाली, "माझ्या सुनंचं डोकं शांत ठेव बाबा, लई राबती माझी माय."

तिथे माझा आवाज तुटला. रोज सकाळी माझ्या पाठीमागे हे म्हटलं जात होतं. रोज, मी भाकरी उलटत असताना. मी ऐकत नव्हते तरी त्या माझ्या दिव्यात तेल घालत होत्या, आणि मला वाटायचं माझा दिवा रिकामा आहे. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. त्यांच्या घशातून काहीतरी घोगरं आलं. ते आमेन होतं असं मी म्हणते. तुम्ही काहीही म्हणा, मी वाद घालणार नाही.

त्या बाईचे मालक आमच्या आधी घरी गेले, काठी टेकत पण स्वतःच्या पायाने. जाताना तिने माझ्या हातावर भस्माची चिमूट ठेवली आणि आत्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिने जोर केला नसता तर मी आजही गप्पच असते, म्हणून मी तिला प्रभूने पाठवलेली मानते. तिला हे कळलं तर ती म्हणेल, शिवानं पाठवलं. म्हणू दे.

आता आत्या घरी आहेत. उजवा हात अजून उचलत नाही, बोलणं अडखळत येतं. पिशवी परत खिळ्यावर आहे, ती आता मी भरते. घर, आजार, उद्याचा दिवस हे सगळं माझ्या मुठीत आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता सकाळी पिठाचे हात धुऊन मीही एक हात उताणा ठेवते. त्यात काय ठेवायचं ते त्याने ठरवावं. दाखला शेवटी सांगतो ते जागं राहणं म्हणजे धास्ती घेऊन बसणं नव्हे, प्रेमाने कुणाची तरी वाट बघत तयारीत असणं, एवढं मला आत्यांमुळे समजलं. हे प्रभू, तुझे उपकार कसे फेडू?

भाकऱ्या थापताना प्रार्थना मी म्हणते, आत्या मागे बसून ऐकतात. गाव, गल्ली, गाय, ऊसतोडीची लेकरं, सगळं क्रमाने होतं. त्या एका ओळीशी आले की मात्र मला लाज वाटते. स्वतःसाठी असं कसं मागायचं, म्हणून मी ती गाळून पुढे जाते आणि शेवट करते. पण मागून आमेन येत नाही. मी वळून बघते. आत्या हात उताणा ठेवून माझ्याकडे बघत बसलेल्या असतात. तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, ती ओळ म्हटल्याशिवाय त्या आमेन म्हणत नाहीत.