आचार्यांचा वन्स मोअर

भीमाचार्यांना रॉक संगीतातलं काही कळत नाही असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना सगळं कळतं, फक्त ते रॉकवाल्यांना पटत नाही. ड्रमवाला समेवर येत नाही आणि गाणारा भलत्याच जागी श्वास घेतो, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही ते ऐकू येतं. कन्नड मुलखातल्या येलहंक्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं.

आचार्य मूळचे विजापूरचे. घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावले की दोन्ही. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पत्नी पूर्वीच गेल्या, घरात ते आणि मुलगी कस्तुरी. तिने नोकरीच्या पहिल्या पगारात बेस गिटार आणली आणि आचार्यांनी अख्खा पावसाळा तिच्याशी अबोला धरला. घरात माणसं दोनच, तेव्हा निरोप्या मी. "श्रीरंगा, तिला सांग की, सार गार व्हायलंय." मी पुण्याचा. फुकट निरोप पोचवणं आमच्या रक्तात नाही, पण सार फार चांगलं असायचं.

अबोला कसा सुटला हे विचारायची सोय नाही. एकदा ते कुणाला न सांगता तिच्या बँडचा कार्यक्रम बघायला एका कॅफेत गेले आणि फणफणत परत आले. "पोरं मेहनत करायलेत, आणि ऐकणारा एक नाही! सगळे फोन धरून उभे!" त्या दिवसापासून ऐकण्याची जबाबदारी आचार्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. नुसत्या कस्तुरीच्याच नव्हे, गावातल्या कुठल्याही होतकरू बँडचा कार्यक्रम असो, इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात कापसाचे बोळे आणि घडीचं स्टूल घेऊन आचार्य पहिल्या रांगेत हजर. बोळे आवाजासाठी. दाद द्यायला कान पूर्ण उघडे लागत नाहीत, असं त्यांचं मत.

आणि गाणं बरं झालं की ते उठून गरजत, "वन्स मोअर!" विजापुराकडे नाटक कंपनी यायची तेव्हा वन्स मोअर मिळालेलं पद पुन्हा म्हणायचंच, मग पहाट झाली तरी बेहत्तर. वन्स मोअर न देणं म्हणजे गाणाऱ्याला उपाशी धाडणं, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. कॅफेतल्या पोरांना त्याची गंमत वाटायची. तीही तेच गाणं पुन्हा वाजवत आणि आचार्यांबरोबर फोटो काढून घेत.

मग आमच्याच भागातल्या मैदानावर बँडांचा महोत्सव ठरला. आदल्या दिवशी कस्तुरी वर आली. "श्रीरंगदादा, उद्या मी गाणार आहे. माझं स्वतःचं गाणं, पहिलंच. आमच्या बँडच्या गाण्यांत शेवटचं. अप्पांना सांगू नका हं, त्यांना अचानक ऐकू दे." आजवर ती मागे उभी राहून बेस वाजवायची. गायचा अभिराज, ज्याचा जीव फक्त अभिराजवर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आचार्य भजनी मंडळातल्या चंद्राबाई आणि त्यांच्या मैत्रिणींना घेऊन मैदानात उतरले. अभिराजचं पहिलं गाणं संपलं. "वन्स मोअर!" बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. अभिराजला तेवढं पुरे होतं. त्याने गाणं पुन्हा म्हटलं, वर जास्तीचा आलापही जोडला. दुसऱ्या गाण्याला तर सगळं मैदानच आचार्यांच्या मागे ओरडू लागलं. तेही दुसऱ्यांदा झालं.

तेवढ्यात स्टेजच्या कडेला कानाला हेडफोन लावलेली आयोजकांची एक मुलगी अभिराजला घड्याळ दाखवताना दिसली. प्रत्येक बँडला अर्धा तास, तो संपला की आवाज बंद, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी आचार्यांचा सदरा ओढला. "पुरे आता, कस्तुरीला—" पण कानात बोळे. ते खूश होऊन म्हणाले, "लाजतोस कशाला? ओरड की तू पण!" आणि तिसरा वन्स मोअर त्यांनी स्टुलावर चढून दिला.

अभिराजने तोही पुरवला. मग कस्तुरी पुढच्या माइकपाशी आली. तिने तोंड उघडलं तेव्हा माइक बंद झालेला होता. पुढच्या बँडची पोरं वायरी घेऊन वर चढत होती. ती गिटार खांद्यावरून उतरवू लागली.

अभिराज धावत आला, आचार्यांच्या पाया पडला. "काका, तुम्ही नसता तर आज आम्हाला कुणी ऐकलंच नसतं!" आचार्य फुलून गेले होते. बोळे काढत त्यांनी लेकीला विचारलं, "तू का ग पुढे आली होतीस?"

"माझं गाणं होतं, अप्पा. मी लिहिलेलं."

मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. ते तडक आवाजवाल्याकडे गेले. "अण्णा, स्वल्प, एकच गाणं, माझ्या मुलीचं." त्याने अदबीने हात जोडले आणि "आगल्ल, सर" म्हणत नकाराची मान हलवली. ते परत आले तेव्हा कस्तुरी शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी मी गाणार असेन तेव्हा तुम्ही येऊ नका." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"सरी," आचार्यांनी मान्य केलं.

आणि त्यांनी ते पाळलं. महिन्याभराने एका कॉलेजच्या अंगणात तिने ते गाणं म्हटलं, तेव्हा आचार्य घरी बसून होते. मी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉफीचे दोन पेले घेऊन वर आले. मी ऐकलेलं गाणं कसं होतं हे मला विचारण्याची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि माझा कान कसा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"म्हटलं तिनं?"

"म्हटलं. छान म्हटलं."

"काय हाय गाण्यात?"

सांगू की नको, असं झालं मला. मग सांगितलं. गाण्यात एक मुलगी आहे, तिच्याशी बाप बोलत नाही. ती तालमीहून बसने परत येते तेव्हा बाप स्टॉपवर केळ्यांच्या गाडीआड उभा असतो. ती उतरली की तोंड फिरवतो, आणि ती घरात शिरेपर्यंत तिच्या मागून चालत येतो. रोज, त्या सगळ्या पावसाळ्यात.

आचार्यांनी हातातला पेला कठड्यावर ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले, "तिला मी दिसत होतो?"